‘आल्मान्या’ वर्गात दाखवायचा असेल तर

जर्मनीत स्थलांतरितांना भाषा शिकवताना मी प्रत्येक तुकडीला ‘आल्मान्या – विलकोमेन इन डॉइचलांड’ (‘आल्मान्या’ म्हणजे तुर्कीत जर्मनी, पुढचं ‘जर्मनीत स्वागत’) हा विनोदी चित्रपट दाखवतेच. २०११चा हा चित्रपट यासेमिन शामदेरेलीने दिग्दर्शित केला, बहीण नेसरीनबरोबर लिहिला, आणि पटकथेला त्या वर्षीचा जर्मन चित्रपट पुरस्कारही मिळाला.

आधी फार बोलू नका. एवढंच सांगा: ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. सप्टेंबर १९६४मध्ये दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ म्हणून कोलोन-डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगालच्या आर्मांदो रोद्रिगेश द सा यांना मोपेड भेट मिळाली. चित्रपटातले ह्युसेइन आजोबा त्यांच्या पाठोपाठचे, दहा लाख एकावे!

जुन्या काळातल्या प्रसंगांत तुर्की माणसं स्वच्छ जर्मन बोलतात आणि जर्मन माणसं काहीतरी अगम्य बडबडतात. हे मात्र आधी फोडू नका. माझे विद्यार्थी गोंधळून माझ्याकडे बघतात, मी गप्प राहते. या देशात आल्या आल्या आपल्या कानांचं काय झालं होतं, ते त्यांचं त्यांनाच आठवतं आणि मग वर्ग खदखदून हसतो.

चित्रपट थांबवायचा तो एकाच ठिकाणी. आजोबांच्या सहा वर्षांच्या नातवाला, जेंकला, फुटबॉलमध्ये ना तुर्की मुलं घेत, ना जर्मन. त्याच्या वर्गातल्या युरोपच्या नकाशावर तर आजोबांचं तुर्कस्तानातलं अनातोलिया मावतच नाही. बाई खूण नकाशाबाहेर लावतात. दोन्ही प्रसंग होऊन गेले की विचारा: जेंक जर्मन आहे का? बहुतेक जण पासपोर्टाचं बोलू लागतात. तेव्हा कायदा सांगा. जेंकची आई गाबी जर्मन, आणि १९७५पासून जर्मन आईचं मूल जन्मतःच जर्मन नागरिक असतं. म्हणजे त्याच्या प्रश्नाचा कागदांशी संबंधच नव्हता. मग कशाशी होता? यावर अर्धा तास खुशाल जाऊ द्या.

गटात आईवडील दोन देशांचे असलेलं कुणी असेल, तर त्याच्याकडे वळून ‘तू स्वतःला कोण समजतोस?’ असं कृपा करून विचारू नका. हा प्रश्न त्याने पुष्कळदा ऐकलेला असतो. आपणहून बोलला, तर मध्ये न तोडता ऐका.

आजोबांच्या दुःस्वप्नातला अधिकारी नागरिकत्वासाठी डुकराचं मांस खाण्याची, दर रविवारी ‘टाटोर्ट’ ही टीव्हीवरची गुन्हेकथा मालिका बघण्याची अट घालतो. चित्रपट संपला की खऱ्या नागरिकत्व चाचणीचा नमुना वाटा: ३३ प्रश्न, ६० मिनिटं, किमान १७ उत्तरं बरोबर. स्वप्नातल्या अटी आणि हे प्रश्न शेजारी ठेवले की लोक जोरात वाद घालतात. घालू द्या.

नियम बदलल्याचं सर्वांत शेवटी सांगा. २७ जून २०२४पासून जर्मनी अर्जदाराला जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. मूळ देशाचा कायदा मात्र ज्याने त्याने तपासायचा. हे ऐकताच अर्जाची चौकशी सुरू होते, म्हणून मी नागरिकत्व कार्यालयाचा पत्ता आधीच फळ्यावर लिहून ठेवते.