अमेरिकेची कॅसेट, लातूरचा टीव्ही गेम

मावसभावानं अमेरिकेहून निन्टेंडोची जुनी कॅसेट आणली, पण माझ्या टीव्ही गेममध्ये ती बसेचना. बसणार कशी? तिकडच्या कॅसेटला ७२ पिना, आपल्याकडच्या नकली डब्याची खाच फॅमिकॉमसारखी, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनसारखी, ६० पिनांची. गंजगोलाईच्या बाजारात विचारलं तर दुकानदार नुसता हसला. शेवटी ७२ ते ६० चं कन्व्हर्टर ऑनलाइन मागवलं. लावलं, तरी पडदा करडाच! कॅसेटच्या पिनांच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पोराचं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, वाळू दिलं. चालली एकदाची. कॅसेट कुठली ते तपासणारी चिप माझ्या डब्यात नाहीच, म्हणून ती कटकट वाचली. फक्त डबा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा, त्यामुळं ६० हर्ट्झसाठी बनवलेलं संगीत रेंगाळतं. आई म्हणाली, "भजन लावलंस का रे?"