गाडीच्या जुन्या रंगावर नवा रंग: घासकामाचा क्रम

आधी थिनरचा बोळा जुन्या रंगावर अर्धा मिनिट दाबून धरतो. रंग मऊ पडून फडक्याला लागला, तर त्यावर थेट टू-के (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारत नाही. खालचा थर सुरकुततो.

सँडपेपर मारण्याआधी वॅक्स रिमूव्हरने पुसायलाच हवं. नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत शिरतं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पोपडे निघालेल्या जागी रबरी ठोकळ्यावर १८० नंबरचा, मग त्याहून बारीक ३२० चा पेपर. जुन्या रंगाच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर उतार अजून हवा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), पावसाळ्यात तर नक्कीच. सरफेसरवर (रंगाखालचा, बारीक ओरखडे भरणारा थर) ६०० चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा; वर मेटॅलिक रंग यायचा असेल तर ८००. दारांच्या खाचांत स्कॉचब्राइटची घासणी. चकाकी राहिली तिथूनच रंग सुटतो.