सामायिक लेखनाची ऑनलाइन साधने वापरण्यापूर्वी : विदर्भातील ग्रामीण अभ्यास केंद्रांसाठी तयारीची यादी

नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे अभ्यास केंद्र, संपर्क सत्र (केंद्रावर प्रत्यक्ष भरणारा वर्ग) आणि समंत्रक (मार्गदर्शन करणारा शिक्षक) ही चौकट आपल्या भागात चांगली परिचयाची आहे. आता अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत गटाने मिळून एकाच फाइलमध्ये लिहिण्याचे काम दिले जाते आणि त्या गटातला एक विद्यार्थी एटापल्लीजवळच्या गावात, दुसरा धारणीत, तिसरा राळेगाव तालुक्यात असतो. असे काम यशस्वी होईल की नाही, हे बहुतांशी पहिली फाइल उघडण्यापूर्वीच ठरते. म्हणून पुढील तयारी सत्रारंभाच्या किमान पंधरा दिवस आधी सुरू करावी.

सर्वांत आधी विद्यार्थ्यांची चौकशी करावी आणि ती ऑनलाइन फॉर्म पाठवून करू नये, कारण फॉर्म भरून पाठवू शकतो तो मुळातच कमी अडचणीचा विद्यार्थी असतो आणि ज्याची माहिती खरोखर हवी, तो यादीतून गळतो. हजेरीपट समोर ठेवून एकेकाला फोन करावा. मोबाइल स्वतःचा आहे की घरात एकच आहे, तो दिवसा नवऱ्यासोबत किंवा भावासोबत शेतात जातो का, संध्याकाळपर्यंत रोजच्या डेटापैकी किती उरतो, रेंज घरात मिळते की स्लॅबवर किंवा तलावाच्या पाळीवर जावे लागते, हे विचारून त्याच्या नावासमोर लिहून ठेवावे. साधनाची निवड या नोंदींमधील सर्वांत अडचणीत असलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून करावी. माझ्या मते या यादीतील एवढी एक बाब जरी नीट पार पडली, तरी पुढचे निम्मे काम सोपे होते.

लिहिण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी एक, याहून अधिक साधने ठेवू नयेत. बोलण्यासाठी बहुतेकांकडे असलेला व्हॉट्सअॅप गट पुरतो. लिहिण्यासाठी गूगल डॉक्स निवडल्यास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचे अॅप आधीच उतरवून घ्यावे आणि गटाची फाइल ऑफलाइन उपलब्ध राहील अशी खूण करून ठेवावी. मग रेंज नसतानाही लिहिता येते आणि नेटवर्क मिळाल्यावर बदल मूळ फाइलमध्ये जुळवले जातात. इथरपॅड या ऑनलाइन सामायिक लेखनाच्या साधनात खाते उघडावे लागत नाही आणि प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, त्यामुळे संपर्क सत्रातील तासाभराच्या सरावासाठी ते उत्तम आहे. परंतु दुवा मिळालेला कोणीही तेथे मजकूर बदलू शकतो, म्हणून सत्रभराचे काम त्यावर ठेवू नये. केंद्राकडे मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली असल्यास त्यातील विकी, म्हणजे सर्वांना बदलता येणारी पाने, हाही चांगला पर्याय आहे, मात्र विकीच्या एकाच पानावर दोघांनी एकाच वेळी बदल केल्यास अडचण येते, हे ध्यानात घेऊन कोणी केव्हा लिहायचे ते आधीच वाटून द्यावे.

लिपीची बाब किरकोळ समजू नये. विदर्भातील अनेक केंद्रांच्या, शाळांच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांतील संगणकांवर आजही कृतीदेव हा जुना फाँट वापरला जातो आणि टंकलेखन शिकलेल्यांचा हात त्यावरच बसलेला असतो. कृतीदेवमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, फक्त फाँटमुळे तो देवनागरी दिसतो. तो सामायिक फाइलमध्ये चिकटवला की दुसऱ्याच्या मोबाइलवर मराठी परिच्छेदाऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. त्यामुळे गटातील सर्व लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर देवनागरीच दिसणाऱ्या पद्धतीत, होईल, असे पहिल्या पत्रातच स्पष्ट करावे, संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक व मोबाइलवर जीबोर्ड अॅपचा मराठी कळफलक सुरू करून दाखवावा आणि जुना मजकूर रूपांतरित केल्यावर त्यातील जोडाक्षरे, रफार व वेलांट्या माणसाने वाचून तपासाव्यात. बोलून टंकलेखन करणाऱ्यांना विशेष सूचना द्यावी की, वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील शब्द यंत्राने बदलला असेल तर तो पुन्हा मूळ रूपात लिहावा. गावाच्या नोंदीत तो शब्दच मोलाचा असतो.

फाइल कोरी देऊ नये. समजा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील माजी मालगुजारी तलावाची, म्हणजे मामा तलावाची, नोंद करायची आहे. अशा वेळी प्रत्येक गावाचे शीर्षक, त्याखाली तलावाची सद्यःस्थिती, पाळ व सांडवा, पाणी कोणत्या बांध्यांना जाते, मासेमारी कोण करते आणि माहिती कोणी सांगितली, हे उपविभाग समंत्रकाने आधीच मांडून ठेवावेत. छायाचित्रे आकार कमी करून टाकावीत, नाहीतर फाइल जड होऊन साध्या मोबाइलवर उघडत नाही. कोणाला फक्त वाचता येईल, कोणाला अभिप्राय देता येईल आणि कोणाला बदल करता येईल, हे अधिकार नावानिशी द्यावेत.

आपल्याकडे दुसऱ्याच्या लेखनाला हात लावणे उद्धटपणाचे वाटते आणि गटात एखादे गुरुजी किंवा वयाने मोठी ताई असेल तर त्यांच्या चुका कोणी सुधारत नाही. हा संकोच केवळ सूचनांनी जात नाही. त्यासाठी पहिल्या संपर्क सत्रात सरावाची वेगळी फाइल उघडावी. मराठी विकिपीडियावर अशा पानाला धूळपाटी म्हणतात. तेथे प्रत्येकाने शेजाऱ्याचे एक वाक्य मुद्दाम पुसावे आणि मग बदलांच्या इतिहासातून ते परत आणावे. पुसलेले परत येते हे स्वतःच्या बोटाने अनुभवले की भीती बरीच ओसरते.

वेळापत्रक ठरवताना विद्यापीठाच्या दिनदर्शिकेसोबत शेतीचे दिवसही पाहावेत. पूर्वेकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, पश्चिमेकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी येते. या काळात सर्वांनी एकाच वेळी ऑनलाइन बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रत्येक टप्प्याला किमान आठवडाभराची मुदत द्यावी आणि लाईन गेल्यामुळे काम राहिल्यास फोनवर कळवण्याची सोय ठेवावी.

गुण कसे देणार, हे लेखी सांगावे. फाइलमधील बदलांच्या इतिहासात कोणत्या खात्यावरून काय लिहिले गेले ते दिसते, पण एका मोबाइलवरून दोघे लिहीत असतील किंवा एकाने म्हाताऱ्यांना भेटून माहिती आणली आणि दुसऱ्याने ती टंकली असेल, तर तो इतिहास अपुरा ठरतो. म्हणून प्रत्येक विभागाच्या शेवटी विचारपूस, मोजमाप आणि लेखन कोणी केले, त्याची नावे लिहिण्याची प्रथा पाडावी.

काम मराठी विकिपीडियावर न्यायचे असल्यास दोन बाबी आधी पाहाव्यात. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला साधारणपणे सहाच नवी खाती उघडता येतात, त्यामुळे केंद्राच्या वायफायवर सर्वांची खाती एकाच दिवशी उघडण्याचा बेत करू नये. तसेच तेथे प्रकाशित संदर्भ लागतात. गावातील वृद्धांनी सांगितलेली माहिती कितीही खरी असली तरी ती गटाच्या अहवालातच ठेवावी, आणि त्यांचे नाव संमतीशिवाय कोठेही लिहू नये.

शेवटी मालकीचा प्रश्न आहे. समंत्रकाच्या नोकरीच्या खात्यावर तयार केलेल्या फाइली, त्यांची बदली झाल्यावर किंवा ते खाते बंद झाल्यावर, विद्यार्थ्यांच्या हातून जाऊ शकतात. त्यामुळे फाइल कोणाच्या खात्यावर राहील हे प्रारंभीच ठरवावे, सत्राच्या अखेरीस तिची पीडीएफ प्रत प्रत्येकाला पाठवावी आणि गावाच्या नोंदीची एक छापील प्रत त्या त्या ग्रामपंचायतीत व केंद्राच्या ग्रंथालयात जमा करावी. छपाईचा खर्च केंद्राच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा.