वडलांच्या नावावरचं घर, कोर्टात न जाता

वडील गेले, घर अजून त्यांच्याच नावावर, पण भावंडांत तंटा नाही, तर लगेच कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटपाचा अर्ज, घालू नका. गोव्यात सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरी असतो, २०१२च्या वारसा कायद्याखाली त्याच्यासमोर डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, होतं.

१. मृत्यू, जन्म, लग्नाचे दाखले जमवा, लग्न झालेल्या बहिणींचे आधी, तेच शेवटपर्यंत अडतात.

२. सगळी भावंडं घाला आणि जावई-सुनाही, कारण इथे लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची धरतात. 'बहिणीला कशाला' हे इथे चालत नाही, मुलगी बरोबरीची वारस.

३. डीड मिळालं की एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, म्युटेशन (नावबदल), मग पंचायतीत घरपट्टी.

मात्र यात वारस कोण एवढंच ठरतं, वाटणीचं डीड वेगळं करावं लागतं.