छोट्या धंद्यासाठी सीआरएम घेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

मिरजेत आमचा घरांच्या छतावर सोलर बसवण्याचा धंदा आहे. दादा साइट बघतो, मी हिशेब आणि कागदपत्रं बघते, फोन घ्यायला एक ताई आहेत आणि बसवणीला दोन मुलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये सबसिडी जाहीर झाली आणि फोन थांबेनात. चौकश्या कुठे लिहून ठेवायच्या हेच कळेना. काही वहीत, काही दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, काही कॅलेंडरच्या मागे. एक दिवस एका पार्टीला मीच फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या फोनची आठ दिवस वाट बघितली. मग दुसऱ्याला सांगून टाकलं." पाच किलोवॉटचं काम होतं. त्यांचा नंबर दादाच्या शर्टाच्या खिशात, ट्रान्सपोर्टच्या पावतीमागे लिहिलेला सापडला.

तेव्हा आम्ही सीआरएम घ्यायचं ठरवलं. कोणी चौकशी केली, त्याच्याशी काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा, हे सगळं एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. पहिलं घेतलेलं तीन महिन्यांत बंद पडलं, वर्षाचे पैसे भरलेले असताना. दुसरं मात्र आजही रोज चालू आहे. दोन्हींच्या मध्ये जे शिकलो ते इथे लिहिते आहे. महिन्याला दहा-पंधराच चौकश्या येत असतील आणि फोन घेणारा माणूस एकच असेल, तर गुगल शीट पुरेल. त्यात "पुढचा फोन कधी" हा रकाना ठेवा आणि रोज सकाळी त्यावर क्रम लावा. पैसे घालवू नका.

आधी सॉफ्टवेअर, मग कामाचा विचार

ही आमची सगळ्यात महागडी चूक. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीचे टप्पे तयारच होते, इंग्रजीत, परदेशातल्या मोठ्या कंपन्यांच्या पद्धतीचे. आम्ही तेच वापरले. मग झालं असं की कोटेशन पाठवलेली पार्टी आणि अर्ज अडकलेली पार्टी एकाच खान्यात बसू लागली. कोणाला फोन करून किंमत बोलायची आणि कोणासाठी महावितरणच्या ऑफिसात जायचं, ते स्क्रीनवर बघून कळत नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही सगळे एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि काम खरंच कसं पुढे सरकतं ते लिहिलं. चौकशी, साइट पाहणी, कोटेशन, होकार आणि ॲडव्हान्स, पोर्टलवर अर्ज, बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), सबसिडी जमा. एवढेच आठ टप्पे. सॉफ्टवेअर बघायला लागलो ते त्यानंतर, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारला की हे आठ टप्पे आमच्या शब्दांत टाकता येतील का.

काम हातचं गेलं तर ते का गेलं, याची यादीही स्वतःच्या शब्दांत करा. आमची अशी आहे: छतावर सावली, घर भाड्याचं, कर्ज मंजूर नाही, दुसऱ्याकडे स्वस्त मिळालं, लाइट बिल दुसऱ्याच्या नावावर. या शेवटच्या कारणाने आम्हाला खूप शिकवलं. बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर, अर्ज मुलाला करायचा आणि आधी नाव बदलून घ्यावं लागणार. हे कळायचं साइट पाहणी आणि कोटेशन झाल्यावर. दोन महिन्यांत हेच कारण इतक्या वेळा दिसलं की आता ताई पहिल्याच फोनवर विचारतात, "बिल कोणाच्या नावावर आहे?" वहीत ही गोष्ट कधीच नजरेत आली नसती.

डेमो मालकाने एकट्याने बघणं

पहिल्या सॉफ्टवेअरचा डेमो दादाने आणि मी बघितला. मोठ्या स्क्रीनवर रंगीत आलेख, महिन्याची विक्री, कोणत्या तालुक्यातून किती चौकश्या. आवडलंच. पण एन्ट्री ज्यांना करायची होती त्या ताई तेव्हा बाहेरच्या खोलीत फोनवर होत्या.

त्यांच्या वाट्याला काय आलं ते नंतर त्यांच्या शेजारी बसले तेव्हा दिसलं. एका कानाला फोन, समोर चौदा रकान्यांचा फॉर्म आणि त्यात ईमेल सक्तीचा. आमच्याकडे मालगावचा, आरगचा शेतकरी फोन करतो, तो ईमेल कशाला देईल? फॉर्म पुढे सरकेना म्हणून ताईंनी एक खोटा ईमेल ठरवला आणि प्रत्येक पार्टीला तोच टाकायला लागल्या. ते सॉफ्टवेअर माणूस ओळखायचं ईमेलवरून. ईमेल सारखा म्हणजे माणूस तोच. त्यामुळे नवीन नाव टाकलं की जुनं पुसलं जायचं. कित्येक पार्ट्यांची नावं आणि नंबर असे एकमेकांवर लिहिले गेले, आणि आम्हाला कळलं ते जवळजवळ महिन्याने. ताईंना मी रागाने बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं. चूक फॉर्मची होती, आणि तो फॉर्म आम्ही निवडला होता.

म्हणून डेमोवर विसंबू नका. बहुतेक सॉफ्टवेअर साधारण दोन आठवडे फुकट वापरून बघता येतात. झोहो सीआरएमची तीन जणांपर्यंतची फुकट आवृत्ती आहे, त्याच कंपनीने २०२० मध्ये छोट्या धंद्यांसाठी बिगिन काढलं, हबस्पॉटचंही फुकट खातं मिळतं. ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, पण ते चालवायला जाणकार माणूस लागतो. यातलं एक किंवा दोन घ्या आणि फोन घेणाऱ्या माणसाच्या हातात द्या. खऱ्या चौकश्या टाकायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावून बघा. बोलणं चालू असताना अर्ध्या मिनिटात एन्ट्री होत नसेल, तर ती पुढे होणारच नाही. सक्तीचे रकाने चारच ठेवा: नाव, मोबाइल, गाव, आमची माहिती कुठून मिळाली. आणि दोन पार्ट्या एकच आहेत की वेगळ्या, हे मोबाइल नंबरवरून ठरवता येतं का, ते आवर्जून तपासा.

जुनी यादी आहे तशी ओतणं

जुन्या एक्सेल फाइल्स आत घेताना आमचे तीन दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर सांगते.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर फाइल साध्या सीएसव्हीत (नुसता मजकूर ठेवणाऱ्या फाइल प्रकारात) सेव्ह झाली आहे. मूळ एक्सेल फाइल उघडा आणि सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय निवडा. प्रश्नचिन्हं आलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, त्यातली अक्षरं कायमची गेलेली असतात. यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्यावी लागते, नाहीतर आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उतरतो.

मोबाइल नंबर "९.१९ ई+११" असे दिसत असतील तर हात आवरा. पुढे ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल एक मोठी संख्या समजतं. त्याच रूपात सीएसव्ही सेव्ह केली की मागचे आकडे शून्य होतात आणि नंबर हातचा जातो. सेव्ह करण्याआधी त्या रकान्याला "नंबर" हा प्रकार द्या, दशांश शून्य ठेवा आणि पूर्ण आकडे दिसतात ना ते बघा, आणि नवीन नंबर टाकायच्या रकान्याला आधीच "टेक्स्ट" हा प्रकार द्या. सांगलीच्या लँडलाइनच्या ०२३३ मधलं पुढचं शून्यही असंच गळून पडतं.

एकाच माणसाचा नंबर एका ठिकाणी दहा आकडी, दुसरीकडे पुढे शून्य, तिसरीकडे अधिक ९१ लावून, असं असेल तर त्याच्या तीन पार्ट्या तयार होतात आणि त्याला तीन फोन जातात. सगळे नंबर आधी दहा आकडी करून घ्या. मग फक्त वीस ओळी आत घेऊन बघा. त्या नीट बसल्या की बाकीच्या घ्या. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या, कधीच न घेतलेल्या चौकश्या आणूच नका. त्यांच्या गर्दीत आजची पार्टी सापडत नाही.

"व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं आहे" यावर समाधान मानणं

हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. त्याचे अर्थ मात्र वेगळे. कुठे फक्त एक बटण असतं, ते दाबलं की तुमच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. छोट्या धंद्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. कुठे व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायासाठीची अधिकृत सेवा जोडलेली असते. तिथे ग्राहकाने मेसेज केल्यापासून चोवीस तास मोकळेपणाने उत्तर देता येतं. त्यानंतर मेटाने, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीने, मंजूर केलेला ठरीव मजकूरच पाठवता येतो, आणि जुलै २०२५ पासून त्याचे पैसे दर मेसेजमागे लागतात. मधल्या सेवा पुरवणाऱ्याचं भाडं वेगळं. सध्या मोबाइलवर वापरता तोच नंबर जोडल्यावर अ‍ॅपवरही चालू राहील का, हे लेखी विचारून घ्या.

तिसरा प्रकार स्वस्त असतो: संगणकावरच्या व्हॉट्सअ‍ॅपला चिकटून हजारो मेसेज सोडणारी साधनं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप असे नंबर बंद करतं. दुकानाच्या पाटीवर, गाडीवर, प्रत्येक बिलावर छापलेला नंबर बंद पडला तर काय होईल, ते डोळ्यासमोर आणा.

एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, सॉफ्टवेअर कोणतंही असो. आणि "आमचं अ‍ॅप मोबाइलवरचे कॉल आपोआप रेकॉर्ड करतं" असं कोणी सांगितलं, तर ते तुमच्या स्वतःच्या फोनवर करून दाखवायला सांगा. मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या अ‍ॅपना कॉल रेकॉर्डिंगची नेहमीची वाट बंद केली आहे.

पैशांचं

जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा, एका महिन्याचा आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर पडणारा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे दिले आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर रिव्हर्स चार्जने कर तुम्हाला भरावा लागतो, तेव्हा सीएला आधी विचारा. कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५ हजारांच्या वर असली की दर वेळी ओटीपी लागतो. तो चुकला आणि खातं बंद पडलं असं होऊ देऊ नका. पैसे वाचवायला दोघांत एक लॉगिन वापरू नका, कोण काय बोललं तेच कळत नाही. बसवणीच्या मुलांना लॉगिनची गरज नाही, आमच्याकडे ताईच त्यांना रोजची यादी पाठवतात.

पहिले सहा महिने महिन्याच्या हप्त्यानेच घ्या, थोडं महाग पडलं तरी. आम्ही वर्षाचे एकदम भरले होते.

माहिती कोणाच्या ताब्यात?

मुख्य खातं मालकाच्या ईमेलवर उघडा, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नाही. चाचणीच्या पहिल्याच दिवशी सगळी माहिती बाहेर काढून बघा: नोंदी निघतात, पण सोबतच्या टिपणांचं आणि कोटेशनच्या फाइल्सचं काय? आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमधून नावं निघाली, बोलण्याची टिपणं राहिली.

लोकांची आधार कार्डं आणि लाइट बिलं आम्ही सहज नोंदीला जोडून ठेवायचो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही. आता सबसिडी जमा झाली की आधारची प्रत आम्ही काढून टाकतो. कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं. माणसं विश्वासाने कागद देतात.

चालू झाल्यावर अडलं तर

फॉलोअपची आठवण भलत्याच वेळी येत असेल, तर खात्याची वेळ भारताची लावली आहे का बघा. आमचं खातं अमेरिकेच्या वेळेवर होतं आणि सकाळी दहाचा फोन रात्री आठवायचा. तारखेचा क्रमही बघा. आम्ही ०५/०३ लिहिलं पाच मार्च म्हणून, सॉफ्टवेअरने घेतलं तीन मे. त्या आठवड्यातले फॉलोअप आम्हाला हरवल्यासारखे वाटत होते, ते सगळे मे महिन्यात जाऊन बसलेले सापडले.

मोबाइलवर आठवण येतच नसेल, तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे निर्बंध काढा. बॅटरी वाचवायला बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात.

आणि सगळं नीट असूनही एन्ट्री होत नसतील, तर ऑफिसात एक दिवस नुसतं कान देऊन बसा. आमच्याकडे दादा आत येता येता विचारायचा, "कुपवाडच्या पार्टीचं काय झालं?" आणि ताई तोंडीच सगळं सांगायच्या. तोंडी सांगून काम होतंय म्हटल्यावर त्या कशाला टाइप करतील? मी दादाला तेवढंच सांगितलं की आधी स्क्रीन बघ, तिथे नसेल तरच विचार. पहिला आठवडा तो चिडला. आता गाडी लावतानाच मोबाइलवर यादी उघडतो, आणि ताईंना विचारतो ते चहाचं.