गोष्ट सांगताना या चुका टाळा: ऐकणारा तीन वर्षांचा असो नाहीतर ऐंशीचा

म्हातारी भोपळ्यात बसली, भोपळा घरंगळत निघाला आणि वाटेत वाघ आडवा आला. इथे मी गप्प झाले. बालवाडीतली वीस मुलं एका दमात ओरडली, "म्हातारी कोतारी मी नाही जाणत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!"

त्याच आठवड्यात हीच गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली आणि ती साफ फसली. मागच्या बाकावरची दोन मुलं खिडकीबाहेर बघत होती, बाकीची माझी कीव करत होती. शनिवारी एका वृद्धाश्रमात पुन्हा तीच गोष्ट. संपल्यावर नऊवारीतल्या एका आजी म्हणाल्या, "लेकीकडे जाऊन लठ्ठ झाली म्हणजे लेकीची सासू चांगली असणार हो. नाहीतर आईच्या पानात तूप कोण वाढू देतंय?" गोष्ट सहा मिनिटांची होती. त्यानंतरच्या गप्पा पाऊण तास चालल्या. लेकीचं घर, विहीण, माहेरी परतताना भरून आलेले डोळे, सगळं निघालं.

गोष्ट तीच, सांगणारी मीच. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमुळे. सातवीतली ती फजिती माझ्याच एका चुकीमुळे झाली होती, आणि ती चूक मी आजही ठिकठिकाणी होताना बघते. शाळांमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, वाचनालयांत कितीतरी माणसं मनापासून गोष्टी सांगायला उभी राहतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कागद हातात धरून सांगणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. कागदावर किंवा मोबाईलवर नजर गेली की समोरच्याच्या डोळ्यांतून ती निघते, आणि चार वर्षांच्या मुलाला ते तत्क्षणी कळतं. यावर उपाय म्हणून काही जण गोष्ट शब्दन् शब्द पाठ करतात. ते आणखी वाईट. एक शब्द निसटला की पुढचं सगळं ढासळतं आणि चेहऱ्यावर परीक्षेतली भीती दिसायला लागते.

गोष्ट पाठ करू नका, तिचे थांबे पाठ करा. भोपळ्याच्या गोष्टीचे पाच थांबे आहेत: म्हातारी निघते, जंगलात प्राणी अडवतात, लेकीकडे राहते, भोपळ्यातून परत फिरते, शेवटी प्राण्याला चकवते. शब्दांनिशी तीनच गोष्टी पाठ हव्यात: पहिलं वाक्य, पालुपद आणि शेवटचं वाक्य. मधलं रोज नवं बोला. श्रावणातल्या कहाण्या हेच करतात. "आटपाट नगर होतं" म्हटलं की दार उघडतं, आणि "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हटलं की दार लागतं. ऐकणाऱ्याला कुठून आत यायचं आणि कुठे बाहेर पडायचं, ते नेमकं कळतं.

"तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?"

कृपा करून हे विचारू नका. गोष्ट संपल्यावर जी शांतता येते ना, त्या शांततेत ती मुरत असते. तुम्ही तात्पर्य सांगितलंत की मुलाच्या मनात गोष्ट उरत नाही, धडा उरतो, आणि धडे त्याला दिवसभर मिळतच असतात. उपदेश करायचाच असेल तर नारदीय कीर्तनाची रचना बघा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. विचार आधी मांडतात, मग कथा लावतात. आख्यान रंगल्यावर बुवा शेवटी मूळ पदावर येतात, पण निरूपण पुन्हा सुरू करत नाहीत.

सगळ्या वयांना एकाच ताटात वाढणं

माझी सातवीतली चूक हीच होती, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रोज नवी गोष्ट लागते हा मोठ्यांचा समज. त्यांना तीच गोष्ट हवी असते, आणि पालुपद तर अगदी त्याच शब्दांत. मी एकदा "टुणुक टुणुक"च्या जागी "टुणटुण" म्हटलं तर समोरची मुलगी उठून उभी राहिली आणि मला दुरुस्त केलं. पुढे काय येणार हे माहीत असणं आणि ते खरोखर येणं, याचा तिला आनंद असतो. या वयाला आठ-दहा मिनिटं पुरेत. तुम्ही खुर्चीत बसू नका, सतरंजीवर बसा. जमलं तर खरा लाल भोपळा न्या आणि जमिनीवर घरंगळवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं सांगितलं आहे, आणि मूल बसून असेल तेव्हा मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात असंही. आपल्या आज्या काही वेगळं करत नव्हत्या.

या वयासाठी अनेक पालक वाघ काढून टाकतात. मुलं घाबरतील म्हणे. वाघ काढला तर म्हातारीला भोपळ्यात बसायचं कारण काय उरलं? वाघ असू द्या, फक्त तुमचा आवाज आणि मांडी जवळ असू द्या. एखादं मूल खरंच रडवेलं झालं तर गोष्ट थांबवू नका. त्याला जवळ घ्या आणि वाघाला थोडा बावळट करा. भीती सांगणाऱ्याच्या हातात असते, हा थेट सांगण्याचा केवढा फायदा आहे! व्हिडिओतला वाघ मुलाचा चेहरा बघून आवाज खाली आणत नाही.

सहा ते नऊ वर्षांची मुलं शंका काढतात. "म्हातारी भोपळ्यात मावली कशी?" याला "गोष्टीत असंच असतं, गप्प बस" हे उत्तर नव्हे. प्रश्न वर्गाकडे टोलवा. मला मिळालेलं उत्तम उत्तर: "लेकीनं आधी सगळा गर काढून त्याचे घारगे केले, मग जागा झाली." ते घारगे आता माझ्या गोष्टीत कायमचे आले आहेत.

अकरा ते चौदा वयाला "बालमित्रांनो" म्हणालात की संपलं. त्यांना निवाडा करायला द्या. यासाठी वेताळाच्या गोष्टींसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजालाच पेचात टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत झाडावर. त्यातली एक: एका मुलीचे तीन वर. ती मरते. एक तिच्या अस्थी घेऊन गंगेवर जातो, एक तिच्या राखेवर झोपून स्मशानातच राहतो, तिसरा भटकत जाऊन मंत्र शिकून येतो आणि तिला जिवंत करतो. आता ती कोणाची बायको? राजाचं उत्तर असं की जिवंत करणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेवर झोपला तो नवरा. हे उत्तर लगेच सांगू नका. दुसऱ्यांदा सातवीत गेले तेव्हा मी प्रश्नाशीच थांबले. मुलं भांडायलाच लागली. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "पण तिला कोणी विचारलं का?" त्यानंतर तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

मोठ्या माणसांच्या बाबतीत एकच सांगते: ती "मुलांना घेऊन आलेली" नसतात, ऐकणारीच असतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी कथाकथन केलं ते मोठ्यांसमोर. एक माणूस, एक माईक, आणि लोक तासन् तास बसायचे.

म्हाताऱ्या माणसांना लहान मूल समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. लाडिक आवाज, टाळ्या वाजवा, "आजी, छाऽऽन!" त्या आजींनी अख्खा संसार ओढला आहे. त्यांच्याशी मोठ्या माणसासारखं बोला.

दुसरं, ओरडू नका. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यात स, श, फ यांसारखी व्यंजनं गळतात. स्वर मोठ्याने पोचतात, शब्द पोचत नाही. म्हणून पट्टी खाली आणा, वेग कमी करा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा म्हणजे ओठ दिसतील. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो. घरघरणारा पंखा दहा मिनिटं बंद केला तर जो फरक पडतो तो भारी माईकनेही पडत नाही.

विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं समोर असतील तर "आठवतं का?" हा शब्द तोंडातून काढू नका. तो प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि त्यात आपण नापास होणार हे त्यांना कळतं. त्याऐवजी भोपळा त्यांच्या हातात द्या. जड आहे का, साल कशी आहे, याचं काय करावं, असं विचारा. यातल्या कोणत्याच प्रश्नाला चुकीचं उत्तर नाही. किंवा जात्यावरच्या ओवीचा पहिला चरण म्हणा आणि थांबा. आपल्या मुलाचं नाव न आठवणाऱ्या एका आजींनी पुढचा चरण चालीवर म्हटलेला मी समोर बसून ऐकला आहे.

"शांत बसा, मधे बोलू नका"

जुन्या घरांत उलटी रीत होती. आजी म्हणायची, "हुंकार द्या, नाहीतर मी नाही सांगत." अंधारात पोरं "हूं, हूं" करत. हूं थांबला की आजीला कळायचं, झोपली. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या हजारोंना प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घेत. ऐकणाऱ्याला काम द्या. गणपतीत सगळी वयं एकत्र बसतात तेव्हा हे फारच उपयोगी पडतं: पालुपद लहानग्यांना, वाघ-अस्वलाचे आवाज मधल्या मुलांना, आणि "तुमच्या गावाकडे ही गोष्ट कशी सांगायचे?" हे आजी-आजोबांना.

भाषा धुऊन पुसून घेणं

आजी मालवणीत किंवा वऱ्हाडीत सांगत असेल तर तिला पुस्तकी मराठीत आणू नका. गोष्टीचा ठेका बोलीत असतो. मात्र ऐकणाऱ्याला मुख्य शब्द कळायला हवेत. 2010 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गोष्ट सांगणाऱ्याच्या आणि ती ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकणाऱ्यांच्या मेंदूंतल्या हालचाली मोजल्या. त्या एकमेकींशी जुळत होत्या. ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट लावली, तर ती जुळणी दिसली नाही. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना गोष्ट सांगताना हे ध्यानात ठेवा. "सूप" म्हटल्यावर तिथल्या मुलाला पिण्याचं सूप दिसतं. हातात सूप धरून दाखवा, पाखडून दाखवा आणि मग पुढे चला.

व्हिडिओ कॉलवर आणखी एक अडचण येते. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र पालुपद म्हणायला गेलात की सगळा गोंधळ होतो आणि मूल कंटाळतं. तिथे आळीपाळीने म्हणा: "चल रे भोपळ्या" तुम्ही, "टुणुक टुणुक" नातवाने. आणि पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नको, कॅमेऱ्याकडे बघा.

चित्रांचा मारा

प्रोजेक्टरवर चित्रं पळवलीत की मुलं भिंतीकडे बघतात, तुमच्याकडे नाही. चित्र दाखवायचंच तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, बघा. चित्र स्थिर, एका वेळी एकच, आणि आवाज त्याला हलवतो.

ऐन वेळी अडलं तर

मधलं विसरलात? "मग वाटेत काय झालं असेल?" असं विचारा. मुलं तुम्हाला रस्ता दाखवतात, आणि कधी कधी तो मूळ रस्त्याहून चांगला असतो. कोणी शेवट आधीच सांगून टाकला? त्याला म्हणा, "तुला ठाऊक आहे ना, मग मी चुकले तर मला सांग," आणि तो तुमचा राखणदार होतो. चुळबुळ वाढली तर आवाज चढवू नका, उतरवा. लहान मूल उठून फिरायला लागलं तर फिरू द्या, ते पाठमोरं असूनही ऐकत असतं. पण सगळीच चुळबुळायला लागली तर दोन थांबे गाळा आणि सरळ शेवटाला जा. पुरी न सांगितलेल्या गोष्टीचं काही बिघडत नाही, ताणलेल्या गोष्टीचं बिघडतं.

वृद्धाश्रमात मी महिन्याने पुन्हा गेले. त्या नऊवारीतल्या आजी दाराशीच होत्या. म्हणाल्या, "आज तुम्ही बसा, मी सांगते. आमच्याकडची भोपळ्याची गोष्ट निराळी आहे." मी सतरंजीवर बसले. त्यांच्या गोष्टीत वाघ नव्हता, अस्वल होतं, आणि लेक आईला सोडायला पार वेशीपर्यंत येते. तिथे त्या थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हुंकार द्या की."

मी म्हटलं, "हूं."