टायर मोठे, मीटर खोटा

कासच्या वाटेला गाडी खालून घासायची, म्हणून २१५/७५ आर १५ (रुंदी मिलिमीटरात / उंची रुंदीच्या किती टक्के, रिम इंचात) काढून २३५/७५ आर १५ टायर घातले. रुबाब वाढला, पण ॲव्हरेज पडलं. टायरवाल्याला उगाच शिव्या घातल्या!

कराडला जाताना हायवेचे किलोमीटरचे दगड मोजले. दहा किलोमीटरला मीटर ९.६ च दाखवतोय, म्हणून ॲव्हरेजही कमी दिसत होतं. मग हिशेब मांडला: टायरचा व्यास ७०३.५ वरून ७३३.५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला चाक सव्वाचार टक्के जास्त पुढं जातं. मीटर ८० म्हणतो, गाडी ८३ च्या पुढं.

साताऱ्यातल्या इलेक्ट्रिशियननं स्पीड सेन्सरच्या वायरीत पल्स (चाक फिरतं तसे मीटरला जाणारे विजेचे ठोके) वाढवणारी डबी जोडली आणि ४.३ टक्के वाढ लावली. टायरात हवा नीट भरून परत तेच दगड मोजले. बरोबर १०.०.